सकाम श्रद्धेची कैफियत

पर्वतावर धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, हा न्यायशास्त्रातला पर्वत बहुतेकांच्या परिचयाचा आहे. परंतु अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे म्हणता येत नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो, धूर निघतो तो ओल्या सरपणाच्या योगाने, हा त्याच शास्त्रकारांचा इशारा मात्र फारसा कोणी ध्यानात ठेवीत नाही. हेतूच्या आड दडून बसलेल्या अशा अटीला त्यांनी ‘उपाधी’ हे नाव दिले आहे. हीच उपाधी दरडीच्या बाबतीतही शोधावी लागते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे कोंढाळकरवाडीवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले. पाऊस त्या दिवशी महाड-पोलादपूरच्या साऱ्या मुलखावर पडत होता आणि तरीही प्रत्येक डोंगर खाली आला नाही. अशा वेळी दैवी कोप आणि पूर्वकर्म यांची नावे घेऊन मन मोकळे होते खरे, पण उताराच्या मातीची चौकशी त्यामुळे मागे पडते.

असाच एक मामला पाळी गेलेल्या स्त्रियांच्या हृदयासंबंधी आहे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते आणि वयाबरोबर हृदयविकाराचा धोका वाढत जातो. तेव्हा जीवनसत्त्वाच्या गोळीत कवच शोधण्याचा मोह स्वाभाविकच म्हणावा लागेल. त्या मोहाला विद्वत्तेचा दाखलाही मिळाला होता. १९९३ मध्ये अमेरिकेतील ८७,००० हून अधिक परिचारिकांच्या निरीक्षणातून असे प्रसिद्ध झाले की, दोन वर्षांहून अधिक काळ ई-जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हृदयविकार सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळतो. पण गोळी नेमाने घेणारी बाई बहुधा आहाराविहाराचीही काळजी घेणारी असते, आणि ओले सरपण नेमके येथेच होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेत, हृदयाच्या रोहिण्या आधीच अरुंद झालेल्या ४२३ रजोनिवृत्त स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने विभागून काहींना ई आणि क जीवनसत्त्वे, तर काहींना निर्गुण गोळी देण्यात आली. रोहिण्यांची अवस्था जीवनसत्त्वांनी सुधारली तर नाहीच. उलट ती घेणाऱ्यांपैकी १६ आणि न घेणाऱ्यांपैकी ६ स्त्रिया मरण पावल्या. एवढ्या लहान संख्येवरून गोळीला विष ठरविणे अन्यायाचे होईल. तिला अमृत म्हणण्याचा हक्क मात्र तिने गमावला.

यावर कोणी म्हणेल, श्रद्धेला प्रमाणाच्या कचेरीत का खेचता? मला वाटते, श्रद्धेचे दोन प्रकार येथे निराळे केले पाहिजेत. जी फळ मागत नाही, जिचा निरोप गीता देते, तिच्याकडून हिशेब मागण्याचा अधिकार कोणासही नाही. पण जी श्रद्धा ‘अमुक घ्या, तमुक टळेल’ असे वचन देते, ती मोबदला कबूल करून बसलेली असते, आणि मोबदला कबूल करणाऱ्याने जमाखर्च दाखविण्यास हरकत घेऊ नये. मग ते वचन पुजाऱ्याचे असो, वैद्याचे असो की औषधाच्या दुकानातील रंगीत डबीचे. (डबीवरच्या मजकुराइतकी निःशंक भाषा, माझ्या मते, आपल्या पुराणांतही विरळाच!)

याचा अर्थ सर्व गोळ्या टाकून द्याव्या असा नव्हे. रक्तात लोह किंवा बी-१२ उणे असल्याचे तपासणीत दिसले, तर ती उणीव भरून काढणारी गोळी आपले नेमून दिलेले काम करते; तिने हृदयाची जोखीम पत्करलेली नसते. ज्यांचा हृदयाशी संबंध पुनःपुन्हा सिद्ध झाला आहे अशा गोष्टी फार साध्या आहेत आणि त्या डबीत विकत मिळत नाहीत: रक्तदाब आणि साखर तपासून घेणे, तंबाखू सोडणे. ताकदीच्या गोळ्यांसाठी गाठीचे पैसे मोजणाऱ्या एखाद्या मावशीला सकाळची मशेरी सोडा असे सांगून पाहावे; गोळीवर तिचा विश्वास चटकन बसतो, आणि मशेरीचा विषय निघाला की ती विचारते, “इतकी वर्षं लावत्ये, काय झालं मला?”