गुण आणि गुण

‘गुण’ हा मराठीतला मोठा फसवा शब्द आहे. माणसाच्या अंगी असतो तोही गुण आणि उत्तरपत्रिकेवर तांबड्या शाईने लिहिला जातो तोही गुणच. या दोहोंची गल्लत करण्यात आपला अर्धाअधिक जन्म जातो, हे मला फार उशिरा, म्हणजे गेल्या दिवाळीच्या सुटीत उमगले. आणि तेही एखादा ग्रंथ वाचताना नव्हे, तर (सांगायला थोडा संकोच वाटतो) संगणकावर खेळ खेळताना.

खेळ माझ्या भाच्याचा. त्याने चाळिशी ओलांडली, पण फराळाची बशी मांडीवर घेऊन तो अजून जुनेपुराणे खेळ उकरून काढीत बसतो. “मामा,” तो म्हणाला, “हा तुमच्यासाठी आहे. याच्या शेवटी कुणाला मारायचे नसते.”

‘अल्टिमा’ नावाच्या अमेरिकन खेळमालिकेतला हा चौथा खेळ, १९८५ सालचा. आपण एखाद्या वीराचे सोंग घ्यायचे, पडद्यावरच्या राज्यात हिंडायचे, शस्त्रे जमवायची, सोबती जोडायचे, असा हा प्रकार. १९८१ ते १९८३ या काळात निघालेल्या पहिल्या तीन खेळांत अखेरीस एक दुष्ट शक्ती दबा धरून बसलेली असे आणि तिचा निःपात केला की खेळ संपे. वाटेत वीराने चोऱ्या केल्या काय किंवा गावकरी कापून काढले काय, त्याच्या वीरपणाला बाध येत नसे. त्यांचा कर्ता रिचर्ड गॅरियट लोकांची पत्रे वाचू लागला तेव्हा आपले वीर कोणकोणते उद्योग करून जिंकतात हे त्याच्या ध्यानी आले, आणि पुढचा खेळ सद्वर्तनाचा करायचा असे या विशी-बाविशीतल्या पोराने ठरवले. प्रामाणिकपणा, दया, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता असे आठ सद्गुण त्याने योजिले. हे आठही जो अंगी बाणवील तो ‘अवतार’. शब्द आपलाच उचललेला, पण दिशा मात्र उलटी. आपल्याकडे अवतार वरून खाली येतो. गॅरियटच्या राज्यात माणूस खालून वर चढत चढत अवतार होतो.

खेळाची सुरुवात मला अतिशय आवडली. भविष्य सांगणारी एक बाई पत्ते मांडून तुम्हाला सात प्रश्न विचारते. एकाही प्रश्नाचे उत्तर चूक नसते. दुसऱ्याची पैशाची थैली पोचवायला निघाला आहात, वाटेत भिकारी भेटला. विश्वासाला जागाल की त्यातले एक नाणे त्याला द्याल? सद्गुण आणि दुर्गुण यांतून निवडणे बालवर्गातले आहे. दोन सद्गुणांतून एक निवडा, म्हणजे कळते. सातव्या उत्तराअखेर जो सद्गुण उरतो त्यावरून तुमचे सोंग ठरते. नम्रता उरली तर तुम्ही होता मेंढपाळ, सर्वांत दुबळा, आणि खेळ सुरू होतो तो मॅजिन्सियात, गर्वापायी बेचिराख झालेल्या आणि आता भुतांनी व्यापलेल्या गावात. नम्र माणसाच्या वाट्याला काय येते हे याहून चांगले मी तरी कुठे मांडलेले पाहिले नाही.

मी मात्र मेंढपाळ झालो नाही. माझ्या वाट्याला दया आली आणि मी शाहीर झालो.

आता जडीबुटीच्या दुकानाची गोष्ट. मंत्रतंत्रासाठी लागणारी मुळ्या-राख तिथे मिळते. दुकानदारीण आंधळी आहे. ती किंमत सांगते आणि किती देता म्हणून विचारते. आकडा तुम्ही टाकायचा. मी, गंमत म्हणून, एक नाणे टाकले. माल मिळाला. ती काही बोलली नाही, कुणी शिपाई आला नाही, शेजारपाजारचे कुणी पाहत नव्हते. पुढच्या खेपेला पुन्हा एकच टाकले. तीन संध्याकाळ मी असा हिंडत होतो आणि मनातून स्वतःवर खूष होतो. मग राजवाड्यातल्या एका द्रष्ट्याला माझी प्रगती विचारली, तेव्हा त्याने मला साफ शब्दांत लबाड ठरवले.

मला राग आला. “अरे, खेळच आहे हा!” मी भाच्याला म्हणालो. तो हसला. पण कान तापलेच होते. आकडे आत कुठेतरी मांडले जात होते आणि मला दाखवले जात नव्हते, यातच खरी युक्ती आहे. चित्रगुप्ताच्या नावातला ‘गुप्त’ मला त्या दिवशी कळला. वही उघडी असती तर मी पहिल्या दिवसापासून चोख व्यवहार केला असता, आणि माझ्याविषयी मला काहीच कळले नसते.

परंतु दोष सुरू होतो तो इथूनच. वही आहे हे एकदा कळले की माणूस वहीसाठी वागू लागतो. मी हिशेब भरून काढायला लागलो. दुकानात नेमके पैसे मोजायचे, बाहेर थोडे हिंडून यायचे, पुन्हा चिमूटभर राख घ्यायची. भिकाऱ्याला दान दिले की दया वाढते. आणि दान किती, हे खेळ बघत नाही. भाचा मागे उभा होता. म्हणाला, “मामा, थैली भरलेली आहे. जरा जास्त द्या की त्याला.”

“एकच पुरते,” मी म्हणालो.

हे वाक्य तोंडून गेले आणि मी थांबलो. आमच्या देवळाच्या पायरीवर एक बाई बसते. गेली कित्येक वर्षे मी दर गुरुवारी तिला एक नाणे देतो. तिचे नाव मला ठाऊक नाही. नाणे टाकताना मी तिच्याकडे कधी पाहिले असेन असे वाटत नाही; पाहतो तो गाभाऱ्याकडे.

खेळाच्या बाजूने बोलणारा म्हणेल की यात वाईट काय? ॲरिस्टॉटल म्हणे, न्यायाची कृत्ये करता करताच माणूस न्यायी होतो. मोजून का होईना, दिले तर खरे! आंधळीला पुरते पैसे मिळाले, भिकाऱ्याला नाणे मिळाले. देणाऱ्याच्या पोटात काय होते याची उठाठेव त्यांनी का करावी? हा युक्तिवाद मला अर्धा पटतो. दया, प्रामाणिकपणा, शौर्य यांपुरता पुरता पटतो. लढाईतून पाठ दाखवून पळायचे नाही; जो प्राणी मुळात दुष्ट नाही तो पळू लागला तर त्याला जाऊ द्यायचे; हे सरावाने अंगवळणी पडू शकेल. पण नम्रतेचे काय? या राज्यातली काही माणसे तुम्हाला तुमच्या मोठेपणाविषयी विचारतात. ‘नाही’ म्हटले की नम्रतेचे गुण वाढतात. मी ते ‘नाही’ इतक्या वेळा आणि इतक्या सफाईने म्हटले की माझ्या नम्रतेचा मला अभिमान वाटू लागला.

बाकीचे दोष किरकोळ. शिळा, मंत्र, खडे शोधीत दारोदार चौकश्या करण्यात उत्तरार्ध लांबतो, आणि मंत्राची प्रत्येक मात्रा आधी हाताने कालवून ठेवावी लागते, त्याचा कंटाळा येतो. जुन्या यंत्रांच्या नावावर तेवढे सोडून देऊ.

मूळ दोष गॅरियटला स्वतःलाच जाणवला असावा, असे पुढचे खेळ पाहून वाटते. १९८८ च्या पाचव्या खेळात ब्लॅकथॉर्न नावाचा सत्ताधीश हेच आठ सद्गुण कायद्यात बसवतो: खोटे बोललात तर जीभ छाटली जाईल! मोजता येणाऱ्या सद्गुणाची सक्तीही करता येते, हे उघडच आहे. १९९० च्या सहाव्यात तर ज्यांना आपण राक्षस समजून मारीत आलो त्यांचाही धर्मग्रंथ निघतो, त्यांचेही सद्गुण निघतात, आणि त्यांच्या लेखी आपला अवतार म्हणजे खोटा प्रेषित ठरतो. चौथ्या खेळातल्या माझ्या शौर्याचे गुण कुणाच्या रक्ताने भरले होते, हे मला दोन खेळ उशिरा कळले. तरीही तिन्हींत मला चौथाच जवळचा वाटतो. बाकीचे दोन जगाची लबाडी दाखवतात. चौथ्याने माझी दाखवली.

भाऊबीजेच्या संध्याकाळी भाच्याने सांगितले की कोणत्या कृतीला किती गुण, याचा तक्ता आता कुणालाही मिळतो. माझे आतले आकडेही तो उघडून दाखवू शकेल. “बघायचे का, मामा?”

“नको,” मी म्हणालो.

तो यंत्र बंद करायला वळला तेव्हा मी हळूच म्हटले, “अरे, फक्त नम्रतेचे तेवढे सांग.”