पुस्तक सुचवताना



“फादर, हे पुस्तक वाचायला हरकत नाही ना?” असा प्रश्न आम्हांला वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्याला बहुधा ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच हवे असते. एकेकाळी तसे उत्तर देणे सोपे होते. १५५९ साली पोप पौल चौथे यांच्या कारकिर्दीत रोमहून निषिद्ध ग्रंथांची यादी निघाली. पुढे तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या. शेवटची १९४८ ची. दुसरी व्हॅटिकन परिषद संपल्यावर पुढच्याच वर्षी, १९६६ साली, ती यादी कायदा म्हणून संपली. मात्र त्या वेळी रोमने हेही स्पष्ट केले, की श्रद्धेला व नीतीला बाधक असे वाचन टाळण्याचे नैतिक बंधन कायम आहे. म्हणजे शिक्षा गेली, जबाबदारी राहिली. आणि ती आपल्या प्रत्येकाच्या ओट्यावर येऊन बसली.

आज मिस्सानंतर चर्चच्या आवारात किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आपण म्हणतो, “हे वाचाच,” किंवा “त्याला हातही लावू नका.” तेव्हा त्या जुन्या यादीचेच काम आपण करत असतो. ते कोणत्या अधिकाराने करायचे?

आम्हांला वाटते, पुस्तकाविषयी मत देणे ही साक्ष आहे. आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको असे सांगते, आणि लेखक परदेशी असो वा मृत, तोही आपला शेजारीच. न्यायालयात साक्षीदाराला आधी विचारतात, “तुम्ही स्वतः पाहिलेत का?” ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी २००३ साली आली, २००६ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि आपल्या लोकांत बराच गदारोळ झाला. निषेध करणाऱ्या पुष्कळांनी ती उघडलीही नव्हती. उलट काही वाचणाऱ्यांनी कादंबरीला इतिहास समजून श्रद्धेवर शंका घेतल्या. दोघांची साक्ष कच्चीच. (कादंबरी म्हणूनही ती आम्हांला बेताचीच वाटली, पण तो मुद्दा वेगळा.)

यावर कोणी विचारील, “विष आहे हे सांगायला ते चाखून पाहायचे का?” मुळीच नाही. जाणत्या माणसाच्या शब्दावर विसंबून एखादे पुस्तक न वाचणे यात शहाणपण आहे. फक्त तसे सांगावे: “मी वाचलेले नाही, अमक्यांचे मत असे आहे.” एवढे एक वाक्य जोडले की साक्ष खरी होते.

परंतु साक्ष खरी असली तरी काम संपत नाही. पुस्तक कोणाच्या हाती देतो आहोत हा प्रश्न त्याहून अवघड आहे. अलीकडे आम्ही सी. एस. लुईस यांची दोन पुस्तके पुन्हा लागोपाठ वाचली. लुईस ऑक्सफर्डला शिकवत. ते कॅथलिक नव्हते, अँग्लिकन होते. तरी कॅथलिक घरांत त्यांचे वाचक खूप. १९४० साली त्यांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’ लिहिले. देव चांगला आणि सर्वसमर्थ असताना जगात दुःख का, याचा त्यात शांतपणे, एकेक पायरी चढत विचार केलेला आहे. आमच्या सेमिनरीतल्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात शोभावे असे ते पुस्तक.

पुढे त्यांनी जॉय डेव्हिडमन यांच्याशी विवाह केला. जॉय १९६० साली कर्करोगाने गेल्या. त्यानंतरच्या दिवसांत लुईस यांनी वह्यांत जे लिहिले ते १९६१ मध्ये ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड’ म्हणून छापले गेले, तेही एन. डब्ल्यू. क्लार्क या टोपणनावाने. त्यांच्या निधनानंतरच त्यावर त्यांचे खरे नाव आले. विषय तोच, लेखक तोच, पण इथे पायऱ्या नाहीत. माणूस देवाचे दार ठोठावतो आणि ते आतून बंद असल्याचे त्याला जाणवते. देव आहे याविषयी त्याला फारशी शंका नाही. तो असा निष्ठुर तर नसेल ना, याची त्याला भीती वाटते.

आता महिन्यापूर्वी नवरा गेलेल्या भगिनीला यांपैकी कोणते द्यावे? पहिले अधिक सुरक्षित, कारण त्यात उत्तरे आहेत. पण उत्तर ऐकण्याची शक्ती त्या दिवसांत कोणाला असते? लुईस यांनी स्वतःच पहिल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत मान्य केले आहे, की प्रत्यक्ष सोसण्याची वेळ आली की माणसाला ज्ञानापेक्षा धैर्य आणि सहानुभूती अधिक उपयोगी पडते. आम्ही दुसरेच देऊ.

आमच्या एका धर्मगुरुमित्रांना हे पटत नाही. डळमळलेल्या श्रद्धेला आणखी धक्का कशाला, असे ते म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे. पहिली काही पाने वाचून कोणी पुस्तक मिटले तर धक्काच पदरी पडेल. पण आपल्याच पवित्र शास्त्रात ८८ वे स्तोत्र आहे. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. तरीही चर्च रात्रीच्या प्रार्थनेत ते म्हणते. लुईस तर शेवटाकडे हळूहळू सावरतातही. संत इग्नेशियस यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधने’च्या आरंभीच सांगितले आहे, की दुसऱ्याच्या बोलण्याचा शक्य तो चांगला अर्थ घ्यावा. तो घ्यायचा तर बोलणे आधी शेवटपर्यंत ऐकावे लागते.

म्हणून असे पुस्तक नुसते हातात ठेवून निघून जाऊ नये. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ मध्ये फिलिप रथात वाचत बसलेल्या इथिओपियन अधिकाऱ्याला गाठतो. वाचतोस ते समजते का, असे तो विचारतो. मग रथात चढून त्याच्या शेजारी बसतो आणि वाटभर सोबत करतो.

ही दोन्ही इंग्रजी पुस्तके धर्मग्राम कार्यालयात ठेवली आहेत. नेणाऱ्याने नाव नोंदवावे. परत आणताना आत ठेवलेल्या कागदावर दोन ओळी लिहाव्यात, आणि पुस्तक कुठवर वाचले तेही. अर्धेच वाचले असेल तर तसेच लिहावे.