कॉन्ट्रातलं जंगल

नव्वदच्या दशकाचा विषय निघाला की आमच्या वयाच्या माणसांचा आवाज मऊ होतो. चंद्रपुरात तर हमखास. ऊर्जानगर, दुर्गापूरच्या कोळसा खाणींची वसाहत, बल्लारपूरच्या पेपर मिलची कॉलनी, जिथे एक तारखेला पगार व्हायचा तिथे ते दशक वस्तू होऊन घरात शिरलं. आधी केबल, मग टीव्ही गेम, मग कुणा साहेबाच्या दारातली पांढरी मारुती 800. टीव्ही गेम म्हणजे निन्टेन्डोच्या यंत्राची स्वस्त नक्कल. कॅसेटवर हजारो गेम असल्याचं छापलेलं असे आणि आत तेच पाच-दहा फिरून फिरून येत. कॅसेट अडली की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. पुढे कॉम्प्युटर क्लासमध्ये प्रिन्स ऑफ पर्शिया भेटला. जॉर्डन मेकनरने 1989 साली तो केला, तेव्हा राजपुत्राच्या धावण्या-उडण्यासाठी स्वतःच्या धाकट्या भावाचं चित्रीकरण करून ते चौकट-चौकट गिरवलं होतं. म्हणूनच त्या इवल्या आकृतीला खऱ्या माणसाचा तोल होता. कड्याला बोटांनी लटकलेला तो राजपुत्र बघताना आमचाही श्वास अडकायचा. हे सगळं मला आजही मनापासून प्रिय आहे.

पण सगळ्यांत वर कॉन्ट्रा. त्याची पहिलीच पायरी जंगलाची. दोन उघडबंब शिपाई बंदुका घेऊन झाडीतून धावतात, गोळी एकच लागते आणि लाइफ जाते. लाइफ तीन. मात्र सुरुवातीला वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं अशी बटणं दाबून मग बी आणि ए दाबलं की तीसच्या तीस मिळत. ही युक्ती मुळात कोनामी कंपनीच्या प्रोग्रामरने आधीच्या एका गेमच्या चाचणीसाठी ठेवलेली, आणि ती चंद्रपूरच्या गल्लीतल्या पोरांना पाठ होती. हा गेम 1987 साली आला तेव्हा मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात कॉन्ट्रा नावाचे बंडखोर तिथल्या सरकारशी खरोखर लढत होते. आम्हाला त्याची गंधवार्ता नव्हती.

उन्हाळ्यात माझा मामेभाऊ यायचा. मामा शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातल्या आश्रमशाळेत मास्तर. आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी करत, वैनगंगा ओलांडून, एसटीने अख्खा दिवस मोडून ते पोचत. एकदा मामेभावाच्या हातात मी रिमोट दिला. त्याने बटण दाबायच्या आधी पडद्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "हे पोलिसाचे हायेत का दलमचे?"

दलम म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र तुकडी. हसण्यासाठी विचारलेलं नव्हतं. जंगलात बंदूक घेऊन चालणारी माणसं त्याने पाहिली होती, आणि ती कुणाची हे आधी ओळखणं ही त्याच्या गावातली पहिली अक्कल होती. रात्री दाराशी आलेल्याला भाकर द्यायची की नाही, सकाळी कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे त्या एका उत्तरावर ठरायचं. 1980 च्या नोव्हेंबरात तिथल्याच सिरोंचा भागात पेद्दी शंकर हा नक्षलवादी पोलिसांच्या गोळीने मारला गेला. 1990 मध्ये नक्षलवाद्यांशी लढायला गडचिरोली पोलिसांचं सी-60 पथक उभं राहिलं, आणि त्यात त्याच गावांतली, माडिया-गोंडी बोलणारी पोरं भरती झाली. दुसऱ्या बाजूच्या दलममध्येही तशीच पोरं होती. 1991 मध्ये अहेरीचे आमदार धर्मरावबाबा आत्राम यांना नक्षलवाद्यांनी पळवून नेलं. ज्याचं राज्यभर नाव होतं त्याची ही गत. ज्याला खबऱ्या म्हणून रात्री घरातून उठवून नेलं त्याचं नाव गावाबाहेर कुणाला कळलंही नाही.

गाड्यांचंही तसंच. मारुती म्हणजे आमच्याकडे रविवारची ताडोब्याची सहल, मोहर्लीच्या रस्त्यावर खाली केलेली काच. मामेभावाकडे इंजिनचा आवाज ऐकू आला की आधी कान टवकारत: जंगलखात्याची जीप, पोलिसांची, की माणसं टपावर लादून आलेली काळी-पिवळी. पुढे रस्त्यात सुरुंग पेरले जाऊ लागले तेव्हा पोलिसांनी गाडी सोडून पायी चालणं पत्करलं. ज्या दशकात देश चाकांवर बसला असं आपण अभिमानाने सांगतो, त्याच दशकात आमच्या शेजारच्या जिल्ह्यात चाक हे भीतीचं कारण झालं.

मला यात सर्वांत जास्त टोचते ती वीज. कॉन्ट्रा ज्या विजेवर चालायचा ती आमच्या डोळ्यांसमोरच्या चिमण्यांतून निघत होती. 1983 पासून एकेक संच वाढत 1997 मध्ये सातवा सुरू झाला आणि चंद्रपूरचं वीजकेंद्र 2340 मेगावॅटवर गेलं. 1999 मध्ये इथून मुंबईशेजारच्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटरची उच्चदाब तार ओढली गेली. राख आम्ही गिळली, हे खरं. पण गडचिरोलीतल्या भामरागडची गावं पडघ्यापेक्षा कितीतरी जवळ होती आणि त्यांतल्या अनेकांत तेव्हा दिवा लागत नव्हता. अंतर किलोमीटरचं नव्हतंच. ते कुणाच्या मागणीला वजन आहे याचं होतं.

म्हणून 'ते दिवस किती साधे होते' असं कुणी म्हटलं की मी आता थांबवतो. साधे कुणाचे? एकाच दशकात, मामाच्या नि भाच्याच्या घरात, दोन वेगवेगळी वर्षं चालू होती. माझ्या आठवणी त्यामुळे खोट्या ठरत नाहीत. फुंकर मारलेली कॅसेट खरी, पडद्याला खिळलेल्या आम्हा पोरांचा तो आनंद खरा. पण त्या सगळ्या दशकाची साक्ष म्हणून पुढे केल्या की त्या खोटं बोलू लागतात. आपल्याकडे नव्वदच्या दशकावर जे लिहिलं जातं ते बहुतेक विजेची तार पोचलेल्या घरांनी लिहिलेलं आहे.

मामेभाऊ त्या सुट्टीत कॉन्ट्रा छान शिकला, माझ्यापेक्षा पुढच्या पायरीपर्यंत जायचा. आता तो अहेरीत असतो. त्याच्या शाळेत सोबत असलेली दोन मुलं पुढे दोन विरुद्ध बाजूंना गेली, इतकंच त्याने एकदा सांगितलं. ते त्याने लिहावं म्हणून मी त्याच्या मागे लागलो आहे. तो म्हणतो, "लिहीन, पन नावं गाळून."