ओढ की रेटा?

शहाळ्यात नळी घालून आपण पाणी ‘ओढतो’. मे महिन्यात विहीर खाली गेली की पंप ‘ओढत नाही’ अशी तक्रार होते आणि मोटर दोराने विहिरीत उतरवली जाते. काठावरचा पंप सात-आठ मीटरच्या खालून पाणी उचलत नाही, हे शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक असतं. जास्त अश्वशक्तीची मोटर आणली तरी फरक पडत नाही. असं का, हे कळायला माणसाला फार वेळ लागला. मला वाटतं, या उशिराला ‘ओढणे’ हे क्रियापदही थोडं जबाबदार आहे.

अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेली समजूत अशी की निसर्गाला पोकळी सहन होत नाही. दट्ट्या वर गेला की खालची रिकामी जागा भरायला पाणी धावतं. समजूत टाकाऊ नव्हती. रोजचे कितीतरी अनुभव तिच्यात बसत. पण निसर्गाला पोकळीचा एवढा तिटकारा असेल, तर तो ठराविक उंचीला पोचल्यावर का संपावा? १६३० मध्ये जेनोआच्या बालियानीने गॅलिलिओला कळवलं, की टेकडीवरून पलीकडे पाणी न्यायला टाकलेली वक्रनलिका चालत नाही. चढण होती सुमारे वीस मीटरची.

गॅलिलिओने दोराचा दाखला दिला. दोर फार लांब झाला तर स्वतःच्याच वजनाने तुटतो, तसा पाण्याचा खांबही एका उंचीनंतर तुटतो. १६३८ च्या त्याच्या ग्रंथात ही मर्यादा अठरा इटालियन हात, म्हणजे साधारण दहा मीटर, अशी येते. गंमत म्हणजे त्याच ग्रंथात तो हवेला वजन असल्याचं सांगतो आणि ते मोजायची रीतही देतो: बाटलीत जास्तीची हवा कोंबायची आणि तराजूत घालायची. पाणी हवेच्या चारशे पट जड, असा त्याचा हिशेब होता. खरा आकडा याच्या दुप्पट आहे, पण त्या काळातल्या साधनांनी एवढं जमलं हेच पुष्कळ. म्हणजे कोड्याचे दोन्ही तुकडे एकाच माणसापाशी होते, आणि एकाच चाळीत राहून कधी न भेटलेल्या बिऱ्हाडकरूंसारखे ते राहिले. हवेच्या वजनाकडे बोट बालियानीने दाखवलं होतं. गॅलिलिओने ते मनावर घेतलं नाही. ओढणाऱ्या दोराचं चित्र एकदा डोळ्यांसमोर बसलं, की बाहेरून रेटणाऱ्या कशाची जागाच उरत नाही.

तुकडे जुळवले तोरिचेल्लीने. गॅलिलिओच्या अखेरच्या तीन महिन्यांत तो त्याच्या सोबतीला होता. दहा मीटरची नळी हाताळणं म्हणजे कटकट. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, तेव्हा पाऱ्याचा खांब शहात्तर सेंटिमीटरच भरतो. बंद तोंडाची नळी पाऱ्याने भरली, पाऱ्याच्या भांड्यात उलटी धरली आणि वर पोकळी उरली, एवढा भाग सगळे सांगतात. मला भुरळ पडते ती दुसऱ्या नळीची. तिच्या बंद टोकाला त्याने मोठा फुगा ठेवला होता, म्हणजे तिच्यातली पोकळी कितीतरी मोठी. पोकळीच पारा ओढत असती, तर तिथे तो वर चढायला हवा होता. दोन्हीकडे पातळी सारखीच राहिली. जोर नळीच्या आत नाहीच, हे त्याने एवढ्यावरून ओळखलं. ११ जून १६४४ च्या पत्रात त्याने रोमच्या मित्राला लिहिलं, की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो.

मग समुद्राच्या तळापासून वर चढून पाहायचं, एवढंच राहिलं. ते पास्कालने करवून घेतलं. स्वतः नव्हे, चढला त्याचा मेहुणा पेरिए, १९ सप्टेंबर १६४८ रोजी, मध्य फ्रान्समधल्या प्वी द दोम या डोंगरावर. पायथ्याच्या मठात एक नळी दिवसभर डोळ्यांखाली ठेवली. तिचा पारा हलला नाही. माथ्यावरचा मात्र आठ सेंटिमीटरहून जास्त उतरला. पायथ्याला ती पहाऱ्यातली नळी नसती, तर हा पुरावा इतका ठणठणीत ठरला नसता. माग्डेबुर्गच्या महापौराने हवा काढलेले दोन अर्धगोल घोड्यांकडून ओढवले, तो तमाशा पाठ्यपुस्तकांत गाजतो. विचाराला त्याने फारसं पुढे नेलं नाही. बॉइलने १६६० च्या पुस्तकात मात्र खरा प्रश्न मिटवला: पाऱ्याची नळी काचेच्या भांड्यात ठेवून भोवतालची हवा काढत नेली, तसतसा पारा खाली आला. बाहेरचा रेटा गेला, आतला खांब पडला.

म्हणजे शहाळ्याच्या नळीतून पाणी आपण ओढत नाही. तोंडातला दाब थोडा कमी करतो, पाणी वर ढकलण्याचं काम बाहेरची हवा करते. दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा भार तिच्यापाशी असतो. पाण्याला ती फार तर दहा मीटर वर नेऊ शकते. पंपाच्या वाट्याला नळातलं घर्षण आणि गळती वजा जाता सात-आठ उरतात. पाण्यात बुडवलेला पंप या कचाट्यातून सुटतो, कारण तो खालून ढकलतो.

पण ज्या माडाचं ते शहाळं, त्याची उंची वीस मीटर असू शकते आणि शेंड्याच्या झावळ्यांना पाणी पोचतंच. हवेचा रेटा त्याच्या निम्म्या वाटेतच थकतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डब्लिनमध्ये डिक्सन आणि जोली यांनी याचं उत्तर मांडलं: पानांतून पाणी उडून जातं, तसा खालचा पाण्याचा धागा वर खेचला जातो. लाकडातल्या नळ्या इतक्या बारीक आणि बुडबुड्यांवाचून असतात की तो सहसा तुटत नाही. गॅलिलिओचा दोर पंपात सापडला नाही, तो झाडात होता.