उत्सर्ग आणि भांडवल

धर्मशास्त्रकारांनी दान आणि उत्सर्ग यांत जो भेद केला आहे, आणि ज्याचे विवरण पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्रेतिहासात सापडते, तो संगणकविश्वातील एका ताज्या कलहावर मोठा प्रकाश टाकतो. दानात दाता आपले स्वत्व सोडून ते एका निश्चित प्रतिग्रहीत्याच्या ठायी उत्पन्न करतो. परंतु तळे किंवा विहीर यांचा उत्सर्ग करणारा ती वस्तू सर्वांसाठी सोडतो, आणि म्हणूनच त्या सर्वांपैकी एक या नात्याने तो स्वतःही तिचे पाणी पिऊ शकतो, मालक या नात्याने मात्र कदापि नाही.

सिसिलीच्या साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी 2009 मध्ये रेडिस ही, माहिती संगणकाच्या स्मृतीतच ठेवून ती अत्यंत त्वरेने पुरविणारी प्रणाली मुक्त परवान्याखाली जगाच्या स्वाधीन केली, तेव्हा घडला तो उत्सर्गच होय. पुढे साहसवित्तावर उभ्या राहिलेल्या एका कंपनीकडे तिचे नाव आणि कारभार गेला. मूळ रेडिस सदैव त्याच परवान्याखाली राहील, अशी ग्वाही त्या कंपनीने 2018 मध्ये दिली. आणि मार्च 2024 मध्ये पुढील आवृत्त्यांवर तिने निर्बंध घातले.

कंपनीची तक्रार खोटी नव्हे. क्लाउडचा व्यापार करणाऱ्या बलाढ्य कंपन्या हीच प्रणाली सेवा म्हणून विकून अमाप नफा मिळवीत आणि त्या मानाने परतफेड फार थोडी करीत, असे तिचे म्हणणे होते. आणि सार्वजनिक तळ्यातून जो सर्वांत अधिक उपसा करतो, त्याच्यावरच त्या तळ्याच्या जीर्णोद्धाराचा भार सर्वांत अधिक पडावा, हे मलाही निःसंशय न्याय्य वाटते. तथापि हा न्याय हक्काने मागावयाचा असतो. त्यासाठी घाट बंद करण्याची मुभा कोणालाच नाही, कारण त्या घाटाला अनेक अनाम हातांनी, ज्यांत त्या बलाढ्य कंपन्यांचे पगारी कारागीरही होते, वर्षानुवर्षे दगड लावलेले असतात.

कायद्याच्या दृष्टीने येथे कोणतीही आगळीक झाली नाही. जुन्या आवृत्त्या आजही सर्वांच्याच आहेत. खरा दोष त्याहून अगोदरचा आहे. जी वस्तू सर्वांसाठी सोडलेली आहे, तिचीच भावी मिळकत तारण असल्याप्रमाणे दाखवून गुंतवणूकदारांकडून भांडवल उचलले गेले, म्हणजे एकाच जमिनीची सनद दोघांना लिहून दिली गेली. आणि अशा व्यवहारात भांडवलाचा तगादा रोजचा असल्यामुळे, ज्याला तगादा करणारा कोणी प्रतिनिधीच नसतो, त्या सर्वसाधारण समाजाचा हक्क आधी बुडतो.

या वेळी मात्र समाज मुका राहिला नाही. त्याच मार्च महिन्यात लिनक्स फाउंडेशन या संस्थेच्या आश्रयाने, अखेरच्या मुक्त आवृत्तीपासून व्हाल्की ही शाखा निघाली. मे 2025 मध्ये कंपनीने रेडिसला पुन्हा एक मुक्त परवाना जोडला, आणि त्याचे मी मनापासून स्वागत करतो. व्हाल्कीचे काम मात्र वेगळेच चालू राहिले.