परसातलं पाणी

मराठीत शेताला पाणी देतात आणि झाडांना पाणी घालतात. हिंदीत दोन्हीकडे ‘पानी देना’ चालून जातं. भाषांतर करताना हा फरक हातून निसटतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण जयपूरच्या सिविल लाइंसमध्ये, ज्येष्ठ सरताना, चार वाफ्यांवर पाइप धरून उभं राहिलं की तो बोचू लागतो. द्यायचं म्हणजे ते आधी आपलं असावं लागतं. नळाचं पाणी माझं आहे का?

ते येतं टोंक जिल्ह्यातून, बनास नदीवरच्या बिसलपूर धरणातून, शंभराहून अधिक किलोमीटर वाहत. पूर्वी शहराची तहान रामगढ भागवत असे. १९८२च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती त्याच तलावात झाल्या. पुढे तो कोरडा पडला. मग भिस्त बिसलपूरवर आली. २००५च्या जूनमध्ये टोंक जिल्ह्यातल्या सोहेला इथे बिसलपूरचं पाणी मागणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले. त्यांना पाणी शेतासाठी हवं होतं. मला भेंडीसाठी हवं आहे.

आणि भेंडी तरी किती? या दिवसांत बागेचा नूर रोज बदलतो. टोमॅटो चैत्रात असे लगडले होते की शेजारीपाजारी वाटले. आता रात्रीही गरम असतात, फुलं येतात आणि धरण्याआधीच गळतात. दोडक्याच्या वेलावर नुसती नरफुलं. एका आंधीने मांडवच आडवा केला. भेंडी तेवढी उन्हाला दाद देत नाही, पण तिच्याही दोन झाडांच्या शिरा पिवळ्या पडल्या, म्हणजे केवडा. पांढरी माशी तो पसरवते, म्हणून ती उपटली. उरलेल्यांची दिवसाआड मूठभर भाजी निघते. गवार कशाचीच तक्रार करत नाही. उरलंसुरलं मोर टिपतात, आणि मोराला हाकलताना आपणच ओशाळतो.

एका परिचितांचं म्हणणं सरळ आहे: तुम्ही वाचवलेली बादली टोंकच्या शेतात जाणार नाही, पुढच्या बंगल्याच्या लॉनवर जाईल. खरं आहे. बाजारची भेंडीही कुणाच्या तरी कूपनलिकेचं पाणी पिऊनच येते, आणि जयपूर जिल्ह्यातलं भूजल तर आधीच बेसुमार उपसलेलं. तेव्हा विकत घेतली म्हणून हात स्वच्छ राहतात असंही नाही. तरी त्या भेंडीवर एका घराची चूल पेटते. माझ्या भेंडीवर माझी हौस भागते. लिटर तेवढेच धरले तरी हे दोन हिशेब मला एका वहीत मांडता येत नाहीत. अरणच्या सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल भेटला, हे आपण कौतुकाने सांगतो. तो मळा त्याच्या पोटापाण्याचा होता, हे सांगायचं मात्र राहून जातं.

मला मदत झाली ती एका शब्दाची. ‘किचन गार्डन’ला मी आजवर डोळे मिटून ‘परसबाग’ लिहीत आले. शब्दकोशाचीही हरकत नाही. पण परस म्हणजे घराची मागची बाजू, जिथे न्हाणीचं नि मोरीचं पाणी जातं. तिथली केळ आणि अळू त्या पाण्यावर पोसायची. त्यांच्यासाठी कुणी वेगळा पोहरा ओढत नसे. घरात एकदा वापरून झालेलं पाणी हीच परसाची मिळकत. इथल्या बंगल्यांची बाग पुढे, फाटकाशी, दिसेल अशी असते, आणि तिला ताजं पाणी लागतं. दोहोंना एकच शब्द लावणं मला आता जड जातं.

म्हणून सध्याची वाटणी अशी. डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी टोपात साठतं. गवारीचे दोन्ही वाफे त्यावर निभतात. आरओच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी जास्त खारट, ते फरशी पुसायला. टोमॅटो काढून टाकले, दोडक्याचा मांडव पुन्हा उभारला नाही. भेंडीची एक ओळ ठेवली आहे. तिला रोज संध्याकाळी नळाची एक बादली जाते, आणि त्या बादलीचं समर्थन माझ्याकडे नाही. भेंडी कोवळी आहे, काढायला एक दिवस उशीर झाला की जून होते.