रमाईची पंढरी

७ फेब्रुवारीला मानखुर्दच्या वस्त्यांमध्ये रमाई जयंती साजरी होते. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका विहारात जमतात, त्रिसरण-पंचशील होतं, मग भाषणं. भाषणांत रमाईचं दारिद्र्य येतं, गोवऱ्या येतात, लेकरांचे मृत्यू येतात. पंढरपूर मात्र फारसं येत नाही. आलंच तर बाबासाहेबांनी तिला दिलेलं उत्तर सांगण्यापुरतं. मला वाटतं, रमाईला समजून घ्यायचं तर आधी तिथेच थांबायला हवं.

दापोलीजवळच्या वणंद गावची ही मुलगी. वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आईवडील लवकर गेले आणि भावंडं नातलगांकडे मुंबईत आली. १९०६च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात, दिवसभराचा व्यवहार आटोपल्यावर, तिचं बाबासाहेबांशी लग्न लागलं. ती जेमतेम नऊ वर्षांची होती. पुढे परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत तिने संसार केला. नवरा १९१३ ते १९१७ आणि पुन्हा १९२० ते १९२३ परदेशी शिकत होता. पाच लेकरांपैकी एकटा यशवंत जगला. १९२६ साली राजरत्न गेला, तेव्हा खुद्द बाबासाहेब खचले होते.

अशा बाईला एकदा पंढरीला जावंसं वाटलं. यात भाबडेपणा कसला? चार लेकरं मातीआड केलेल्या बाईला दुःख ठेवायला एक जागा हवी असते, आणि तिच्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या तीच जागा दाखवली होती. बाबासाहेबांचं म्हणणंही तितकंच खरं होतं. जिथे आपल्याला देवळाबाहेर उभं राहावं लागतं, त्या पंढरीला जायचं कशाला? आपण आपली दुसरी पंढरी उभी करू. नामदेव पायरीजवळच्या चोखोबांच्या समाधीपुढे आपल्या लोकांना पाऊल टाकता येत नव्हतं. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली ते मंदिर खुलं झालं, तोवर रमाईला जाऊन बारा वर्षं झाली होती. २७ मे १९३५ला ती राजगृहात वारली. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. म्हणजे ज्या घोषणेने आपलं सगळं आयुष्य बदललं, ती ऐकायला रमाई नव्हती. आज विहारात जिची प्रतिमा तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या शेजारी असते, ती माउली विठ्ठलाच्या ओढीनेच गेली.

हे सांगताना आपण अडखळतो. तिच्या श्रद्धेवर आपण हलक्या हाताने आपली श्रद्धा पांघरतो, आणि उरतो तो फक्त तिचा त्याग. मला हे पटत नाही. ज्या माणसाची श्रद्धाच आपण पुसून टाकली, त्याचं स्मरण कसं करणार? रमाईची ओढ खरी होती आणि ती पंढरीला न जाता राहिली हेही खरं होतं. ती राहिली ती नवऱ्याचा शब्द मोडायचा नाही म्हणून, की त्याच्या म्हणण्यातलं सत्य तिलाही कळलं होतं म्हणून? मी दुसऱ्या शक्यतेच्या बाजूने आहे. दोन खोल्यांत इतकी माणसं सांभाळत, नवरा परक्या देशात असताना घर चालवणारी बाई केवळ सोसत नसते. कुठला पैसा पुस्तकाला जाईल आणि कुठला डाळीला, हे ती रोज ठरवत असते. बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ त्यांनी 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत तिच्या मनाचा चांगुलपणा आणि चारित्र्य तर आहेच, शिवाय कुणी मित्र नसलेल्या, ओढग्रस्तीच्या काळात ती शांत धीराने बरोबरीने सोसायला उभी राहिली, याचीही नोंद आहे. बरोबरीने, हे त्यांनी आवर्जून नोंदवलं.

मानखुर्दच्या घराघरांत पंढरीच्या ओढीची ही गोष्ट अजून जिवंत आहे. दुष्काळात गाव सोडून आलेल्या, रुळांकाठच्या झोपड्या तुटल्यावर इथल्या इमारतींत आणून ठेवलेल्या कितीतरी आज्या इथे आहेत. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडताना त्यांनी लहानपणी पाहिलं. एखादीची आई त्या दिवशी जेवली नव्हती. एखादीने पुढे कितीतरी वर्षं आषाढीला मुकाट्याने उपास धरला आणि तरीही वर्षावासात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ऐकायला पहिली येऊन बसली. यात ढोंग नाही. माणूस एका दिवसात दीक्षा घेतो, आतली वळणं सावकाश वळतात.

आणि त्यांचं काम! महिला मंडळाची वर्गणी, भिशीचा हिशेब, नळावरचं भांडण सोडवणं, नवऱ्याने टाकलेल्या पोरीला चार दिवस घरात ठेवून घेणं, कुणाच्या मयताला स्वयंपाकाचं बघणं. धम्म म्हणजे त्यांच्या लेखी हेच. पण अशी आजी गेली की पुण्यानुमोदनाला एकामागून एक वक्ते उठतात आणि सांगतात, आजींनी खूप कष्ट केले, पोरांना शिकवलं. खरं आहे, पण किती अपुरं! वस्तीत पंचवीस वर्षं तिचा शब्द का चालत होता, हे कुणीच बोलत नाही.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली आणलं, ते चळवळीतल्या बायकांच्या दारात जाऊन, त्यांच्या तोंडून ऐकून. त्या दोघी गेल्या नसत्या, तर त्यातल्या किती बायका कुठल्याच कागदावर आल्या नसत्या. ५६ साली दहा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीच्या घरात आहे. तेव्हा येत्या आषाढ पौर्णिमेपासून, ग्रंथवाचन संपल्यावर, विहारात रोज एका आजीला अर्धा तास बोलू द्यावं. नातवंडांच्या हातात फोन आहेतच, रेकॉर्ड करायला दुसरं काही लागत नाही. तिच्या कष्टांबद्दल विचारू नये, ते ती आपणहून सांगेल. देव सोडले तेव्हा घरात कोण रडलं, भिशीचे पैसे अडल्यावर काय केलंत, कुणाला घरात घेतलंत आणि कुणाला दारातून परत पाठवलंत, हे विचारावं. आणि पंढरपूरला जावंसं कधी वाटलं का, हेही.